हातभर अंतरावरची माणसं

प्रिय ईशा आणि निखिल,

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी, एकीने टोरांटोहून आणि एकाने मेलबर्नहून, मला एकच प्रश्न विचारला. "अज्जी, पण तिथे तुझं आहे तरी कोण?" विचारण्याआधी दोघंही सारखेच खाकरलात, त्यावरून प्रश्न तुमच्या बाबाचा आहे हे मला कळलं. अवघड बोलायचं असलं की तोही आधी खाकरतो.

प्रश्न रास्त आहे. आजोबा गेल्यापासून मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या या घरात मी एकटी राहते. बाबा बंगळूरला, तुम्ही त्याहून लांब. त्यात श्रावणात मी मार्केटात घसरून पडले. तेव्हापासून बाबाने येलवालची जागा शोधून ठेवली आहे. हुणसूर रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली नवी वसाहत. लिफ्ट आहे, नर्स आहे, जेवणघर आहे. दूध, भाजी, फुलं, गोळ्या, सगळं दारात येतं. "आई, तुला कश्शासाठी बाहेर पडावं लागणार नाही," असं बाबा मोठ्या समाधानाने म्हणतो. दिवाळी झाली की मी हो किंवा नाही सांगायचं आहे.

नेमकं याच सुमाराला आपल्या समाजाच्या मंडळाने दिवाळी अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला. "तुमच्या नोकरीबद्दल लिहा, त्या काळी बायका कुठे असलं काम करायच्या!" मी म्हटलं, मला नातवंडांना एक उत्तर द्यायचं आहे आणि ते माझ्या नोकरीतूनच द्यावं लागणार आहे, चालत असेल तर तेच छापा. ते चालेल म्हणाले. तेव्हा हे तुम्हाला लिहिलेलं आहे, बाकीच्यांनी खांद्यावरून वाचायला हरकत नाही. ईशाने वाचावं आणि निखिलला वाचून दाखवावं. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. त्यालाही अडेल, मग मला फोन करा.

मी डोळ्यांचे नंबर काढायची. डोळ्यांची डॉक्टर नव्हते, बी.एस्सी. झाले होते, आणि देवराज मोहल्ल्यातल्या एका डॉक्टरांना कन्नड, मराठी, इंग्रजी आणि थोडं दखनी बोलणारी मदतनीस हवी होती. राज्याचं नाव तेव्हा मैसूरच होतं, कर्नाटक व्हायचं होतं. दवाखाना माडीवर आणि खाली तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, त्यामुळे दिवसभर ठणठण चालायची. डॉक्टर स्वतः आमच्या घरी विचारायला आले. तुमच्या पणजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांना कॉफी दिली आणि विचारलं, "परक्या पुरुषांच्या डोळ्यांत बघत बसायचं काम ना हे?"

डॉक्टर म्हणाले, "अम्मा, डोळ्यांत नाही, डोळ्यांच्या आत. तिथे सगळे पुरुष सारखेच दिसतात. तांबडे."

सासूबाई एवढ्या हसल्या की परवानगी त्यातच मिळाली. पहिल्या आठवड्यात त्या स्वतःच येऊन खुर्चीत बसल्या, सुनेला खरंच काही येतं का ते बघायला.

आता काम सांगते. खोलीत अंधार करायचा. माणूस खुर्चीत, मी समोर स्टुलावर, बरोबर हातभर अंतरावर. हे अंतर आपल्या मर्जीचं नसतं. हिशेब त्यावर बसवलेला असतो, म्हणून हात लांब करून स्टूल पुढेमागे सरकवायचं. माझ्या हातात दांडीची एक छोटी बत्ती, तिला मधोमध बारीक भोक. बत्तीचा उजेड बाहुलीत टाकला की आत तांबडी चमक दिसते, निखाऱ्यावर फुंकर मारावी तशी. उजेड हलवला की चमकही हलते, कधी उजेडाबरोबर, कधी उलट. तिची चाल बघत एकेक भिंग पुढे धरायचं. एका भिंगाशी ती चमक हलायची थांबते. तिथे साधारण नंबर कळतो.

पण साधारण नंबरावर चश्मा करता येत नाही. पुढचं माणसालाच विचारावं लागतं. त्याच्या नाकावर एक जड, गोल, लोखंडी फ्रेम चढवायची, तिच्यात भिंगं बसवायची आणि समोरचा तक्ता वाचायला लावायचा. आमची खोली लहान, तक्त्यासाठी लागतं तेवढं अंतर नव्हतं. म्हणून तक्ता माणसाच्या डोक्यामागे टांगलेला आणि समोरच्या भिंतीवर मोठा आरसा. माणूस आरशात बघून वाचायचा. अक्षरं उलटी छापलेली, आरशात सुलटी दिसायची. कन्नड तक्ता होता, इंग्रजी होता, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी तीन दातांच्या फणीसारख्या खुणांचा एक होता. दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. माणूस वाचत असताना मी एक भिंग लावायची, ते काढून दुसरं लावायची आणि विचारायची, "इदा, अदा?" हे की ते? कुठल्याने जास्त स्वच्छ दिसतं?

हा प्रश्न मी आयुष्यभर विचारला. झोपेतही विचारते, असं तुमचे आजोबा म्हणायचे.

एका माणसाला दहा मिनिटं लागायची. दहा मिनिटांनी तो जिना उतरून जायचा आणि बहुतेकदा परत कधी दिसायचा नाही. सुरुवातीला मला वाटायचं, ही काय नोकरी, कुणाचं काही पुरतं कळतच नाही. मग हळूहळू ध्यानात आलं की अंधारात, हातभर अंतरावर, एका अनोळखी बाईसमोर माणसं फार छान बोलतात. मोठं काही नाही. लॉरी चालवणारा एकजण कुठल्या घाटात कुठल्या वळणावर चहा चांगला मिळतो ते सांगून गेला; तुमच्या आजोबांबरोबर पुढे मी तो चहा प्याले, आणि तो खरंच चांगला होता. गरडीत, म्हणजे तालमीत, कुस्ती खेळणारा एक आडदांड पैलवान डोळ्यांत औषधाचा थेंब पडण्याआधीच खुर्चीत बेशुद्ध झाला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "अम्मा, हे खाली भांडीवाल्याला सांगू नका." मी नाही सांगितलं. आता छापून येतंय, पण भांडीवालाही राहिला नाही आणि पैलवानाचं नाव मी लिहिलेलं नाही. एक निवृत्त मास्तर तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा म्हणून मोकळे झाले. मी भिंगच लावलं नव्हतं. "सर, दिसलं कसं?" तर म्हणाले, "दिसलं नाही. बाहेर बाकावर बसल्या बसल्या आतल्या माणसांचं वाचणं ऐकलं, पाठ झालं. परीक्षेची जुनी सवय, परवागिल्ला, काही हरकत नाही, दुसरा तक्ता काढा."

आणि अमीर चाचा. हे जटका चालवायचे. जटका म्हणजे आमच्याकडचा एका घोड्याचा टांगा. चाचा जिना चढून आले, खुर्चीत बसले, मी बत्ती उचलली तर हात आडवा केला.

"मेरेकू नै अम्मा. नीचे है वो."

"नीचे कौन?"

"सुल्तान. बायीं तरफ मुड़ने कू बोले तो अड़ जाता. आँख का मामला दिखता मेरेकू."

सुल्तान म्हणजे घोडा. मी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर इंग्रजीत म्हणाले की हा दवाखाना माणसांचा आहे, आणि कन्नडमध्ये म्हणाले की मागे रांगेत कुणी नाही, जाऊन ये. मी बत्ती घेऊन खाली गेले. भांडीवाल्याचं गिऱ्हाईक, फुलवाल्या, दोन पोलीस, सगळे जमा झाले. चाचांनी आपली घोंगडी माझ्या आणि घोड्याच्या डोक्यावर धरून अंधार केला. हातभर अंतर राखायची मला भीती वाटली, मी दीड हातावरून बघितलं. उजव्या डोळ्यात अशी चमक होती की मी कधी माणसात पाहिली नाही. डाव्यात काही नाही, नुसतं दुधासारखं पांढरं. मोतीबिंदू.

"चश्मा बनता क्या?" चाचांनी विचारलं.

"बनेगा तो बैठेगा कहाँ, चाचा? नाक किधर है?"

सगळा रस्ता हसला. चाचाही हसले आणि घोड्याची मान थोपटत राहिले. त्यानंतर ते डावं वळण आलं की खाली उतरायचे, घोड्याच्या डाव्या बाजूने चालत त्याच्याशी बोलायचे आणि वळण झालं की परत चढायचे. बसलेली माणसं वैतागायची. मी रस्त्यात दिसले की चाचा चाबूक कपाळाला लावून सलाम करायचे. आमची ओळख एवढीच. त्यांचं घर कुठे होतं मला माहीत नाही, पण त्या सलामाने माझा दिवस सरळ जायचा.

हे सगळं मजेचं झालं. या कामातली खरी अडचण वेगळी होती, आणि ती पुस्तकात कुठे लिहिलेली नव्हती. "इदा, अदा?" या प्रश्नाला पुरुष लगेच उत्तर द्यायचे, चुकीचं का असेना. बायका द्यायच्या नाहीत.

आपल्याच समाजातले एक केशवराव टेलर होते. आमची त्यांच्याशी ओळख नव्हती. ते बायकोला घेऊन आले. आपल्या शिंपी घरांत तेव्हा पुरुष दुकानात मशिनवर बसायचे आणि काज करणं, बटणं लावणं, हातशिलाई, हे घरी बायकांकडे असायचं. केशवरावांचं नाव कोटांसाठी होतं. म्हणाले, "हिचे काज वाकडे यायला लागलेत. गिऱ्हाईक काज आधी बघतं, अल्वा, हो ना? असंच चाललं तर काम बाहेर द्यावं लागेल." बाई मागे उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन. काम बाहेर दिलं तर आपल्याला घरात काय उरतं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

मी बत्तीने बघितलं, भिंगं लावली, विचारलं, "इदा, अदा?"

"तुम्ही म्हणाल ते, अम्मा."

"मला कसं कळणार? तुम्हाला कुठल्याने चांगलं दिसतं?"

"दोन्ही चांगले आहेत."

"पहिलं घ्या, पहिलं," केशवराव म्हणाले.

"हो, पहिलं," बाई म्हणाली.

चश्मा झाला. पंधरवड्यात केशवराव तो घेऊन परत आले. ती रोज घालत होती, कुरकूर करत नव्हती, पण कपाळ दाबून बसत होती आणि काज आणखीच वाकडे येत होते. डॉक्टरांनी चश्मा हातात फिरवला आणि मला म्हणाले, "तू तिचा नंबर नाही काढलास. तिची रीत काढलीस." मग हसून म्हणाले, "माझ्या आईचं पण असंच व्हायचं. उद्या तिला एकटीला बोलाव."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा केशवरावांना मी खाली भांड्यांच्या दुकानात बसवलं. खोलीत आम्ही दोघीच. मी भिंगाच्या पेटीला हातच लावला नाही. म्हटलं, आधी हिला कशात तरी निवड करायची सवय लावू.

"कॉफी घेणार की चहा? खालून मागवते."

"जे केलेलं असेल ते. सुम्मे, उगाच कशाला त्रास."

"घरी भाताबरोबर पातळ सारू आवडतं की घट्ट हुळी?"

"ह्यांना हुळी आवडते."

मी हरायला आले होते. तेवढ्यात माझ्या ब्लाउजचं वरचं बटण तिने बघितलं असावं. मला म्हणाली, "अम्मा, हे बटण कुणी लावलं?"

"मीच."

"पांढऱ्या दोऱ्याने लावलंत."

"मग? ब्लाउज पांढराच आहे."

"हा पांढरा नाही. हा सायीचा पांढरा आहे. दोरा चुन्याचा पांढरा." आणि एवढं बोलल्याबद्दल तिने जीभ चावली.

मी उठले, बाहेर कंपाउंडरच्या टेबलावरून दोऱ्याची दोन रिळं आणली, दोन्ही माझ्या मते पांढरी. तिच्या समोर धरली. "इदा, अदा?"

"हे," ती म्हणाली. विचारसुद्धा केला नाही.

रिळं पाठीमागे नेऊन अदलाबदल केली, पुन्हा पुढे धरली.

"आता ते."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? दिसतंय ना अम्मा!" तिचा आवाज चढला होता. चिडली होती चक्क. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. त्याच क्षणी मी लोखंडी फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि तक्त्याऐवजी केशवरावांनी दाखवायला आणलेली तिच्या काजांची पट्टी हातात दिली. भिंग लावलं, बदललं. इदा, अदा?

"पहिलं." मग मान वाकडी करून म्हणाली, "नाही, थांबा. परत दाखवा."

मी परत दाखवलं.

"हं. दुसरं. ... परत एकदा दाखवा बघू?"

नंबर तिसऱ्या वेळीच मिळाला होता. पण ती "परत दाखवा" म्हणत राहिली आणि मी दाखवत राहिले. बाहेर बाकावर माणसं चुळबुळत होती. शेवटी मी फ्रेम काढली तेव्हा तिने विचारलं, "आय्तु? संपलं?" आणि जरा थांबून म्हणाली, "एवढं कुणी विचारत नाही हो."

नवा चश्मा बरोबर बसला. काम बाहेर गेलं नाही. केशवरावांनी एकदा जिना चढून तिने केलेला एक काज मला आणून दाखवला, कोटाच्या कापडाच्या तुकड्यावर केलेला, टाके मोजून घ्यावेत असा. "बघा अम्मा. तिने सांगितलंय, दाखवून या म्हणून." 

त्यानंतर ती दर वर्षी यायची. नंबर बदललेला नसायचा. दोघींनाही ते माहीत असायचं. मी भिंगं लावायची, ती "परत दाखवा" म्हणायची, दहा मिनिटं झाली की जायची. मग एका वर्षी आली नाही, पुढच्याही नाही. दवाखान्याच्या कार्डावर 'केशवराव यांची पत्नी' एवढंच होतं. तिचं नाव काय, ते माझ्याकडून विचारायचं राहिलं. बाकी सगळं विचारलं.

पण तेव्हापासून माझी पद्धत ठरली. टेबलाच्या खणात दोन पांढरी रिळं कायमची आली. जी बाई "तुम्ही म्हणाल ते" म्हणेल तिच्या समोर आधी रिळं. कुणाला रंगात गती नसेल तर दुसरं काही: वांगी कुठल्या बाजारची, मल्लिगे, म्हणजे मोगरा, कळी घ्यावी की उमललेली. प्रत्येक माणसाला एका तरी गोष्टीत पक्कं मत असतं. ते सापडेपर्यंत बोलत राहायचं. सापडलं की चेहरा उजळतो, मग भिंगाचं उत्तर आपोआप येतं. ते मत सापडावं म्हणूनच मी रोज कामावर जायची, असं आता वाटतं. नंबर निघायचा तो वेगळा.

पुढे नंबर काढायचं यंत्र आलं. हनुवटी टेकवा, आतला फुगा बघा, झालं, कागद बाहेर. मला वाटलं माझं काम संपलं. पण यंत्रसुद्धा साधारणच सांगतं. तुमच्या टोरांटोतही यंत्रानंतर कुणीतरी विचारतंच की नाही, पहिलं की दुसरं? ईशा, तूच मागे सांगितलं होतंस.

आता पडले त्या दिवसाबद्दल. बाबाने तुम्हाला सांगितलं ते असं: अज्जी ओल्या फरशीवरून घसरली, डोक्याला खोक पडली असती, जवळ आपलं कुणीही नव्हतं. सगळं खरं आहे. राहिलेलं मी सांगते. मी पडले तेव्हा नारळवाल्याने आपलं स्टूल आणलं. केळीच्या पानांच्या गठ्ठ्यावरून उठून एक माणूस आला आणि दुसऱ्याशी भांडू लागला की हिला उठवायचं की बसू द्यायचं. सोडा आला, कुणी आणला माहीत नाही. माझा चश्मा उडून वाटाण्यांच्या ढिगात गेला होता. एका बाईने तो शोधला, पदराने पुसला, माझ्या नाकावर ठेवला, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि दोन बोटं उभी केली.

"काणुत्ता, अम्मा? दिसतात?"

मी म्हटलं, "दोन."

"आणि आता?" तिने तीन केली.

मला हसू यायला लागलं. ओल्या फरशीवर बसून मी खो खो हसत होते, आणि नारळवाला म्हणत होता, "डोक्याला लागलंय, हसतायत बघा." ती बाई हातभर अंतरावर होती. तिच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस होता. तिला मी पुन्हा पाहिलेलं नाही.

तीच एक गोष्ट, पण बाबाला तिच्यात मी पडलेली दिसते, मला ती उकिडवी बसलेली बाई दिसते. दोघांचेही नंबर आपापल्या जागी बरोबर असतील.

परवा बाबा आला आणि मला येलवाल दाखवायला घेऊन गेला. जागा चांगली आहे, खोटं कशाला सांगू. झाडं लावली आहेत. फरशी घसरत नाही. तिथली व्यवस्थापक मुलगी गोड होती, तिने आम्हाला बसवून पाणी दिलं आणि कागद पुढे ओढला.

"सर, अम्मांना पूर्वेकडची खोली हवी की बागेकडची?"

"पूर्वेकडची," बाबा म्हणाला. "आईला सकाळचं ऊन आवडतं."

"कॉफीत साखर?"

"कमी."

"देवाला फुलं रोज द्यायची ना? कुठली?"

"कुठलीही चालतील."

मी समोरच्याच खुर्चीत होते. बाबा माझ्याबद्दल जे सांगत होता त्यात माया होती, आणि त्यातलं साखरेचं खरंही होतं. पण मला एकदम कपाळ दाबावंसं वाटलं. केशवरावांची बायको ज्या खुर्चीत बसली होती त्या खुर्चीत मी बसले होते.

परत येताना मी बाबाला गाडी बाजूला घ्यायला लावली. रस्त्याकडेला एकजण पेरू विकत होता, तिथे. म्हटलं, "प्रमोद, तू सहा वर्षांचा असताना तुझा पहिला नंबर मी काढला. आठवतं?"

"आठवतं. मी मुद्दाम 'परत दाखव' म्हणायचो. तू कामात असायचीस, तेवढंच तुझ्या समोर बसायला मिळायचं."

हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, "आता तू माझा काढ. पण नीट. एकाला चांगलं आणि एकाला वाईट करून दाखवायचं नाही."

तो खाकरला. मग स्टिअरिंगवर हात ठेवून, माझ्याकडे वळून, त्याने दोन्ही मांडलं. येलवाल: नर्स आहे, जिना नाही, आणि फोन वाजला की मी दचकणार नाही. मंडी मोहल्ला: जिना आहे, पावसात मार्केट ओलं असतं, पडलीस तर मी तीन तासांवर. आणि, इथे तो थांबला, तुझी माणसं तिथे आहेत, ज्यांची तुला नावंसुद्धा माहीत नाहीत.

"इदा, अदा, आई?"

"परत दाखव," मी म्हटलं.

तो हसला, डोळे पुसले आणि त्याने सगळं पुन्हा सांगितलं. फोनला दचकण्याचंही. मी दोन्ही वेळा नीट ऐकलं.

"मंडी मोहल्ला," मी म्हटलं.

जिन्याला कठडा बसवायचा ठरलं. पावसाच्या दिवशी रिक्षाने जायचं, हे मी कबूल केलं. आणि पुढच्या दिवाळीला त्याने परत विचारायचं, कारण नंबर कायम राहत नाही. पेरूवाला एवढा वेळ खिडकीशी उभा होता. त्याने हाताने दोन पेरू पुढे केले, एक पिवळा, एक हिरवा. बाबाने माझ्याकडे बघितलं. मी हिरवा घेतला.

तर मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. डॉक्टर गेले. दवाखान्याच्या जागेत मोबाइलची कव्हरं विकतात. जटके मोजके उरलेत, ते पाहुण्यांना राजवाड्याभोवती फिरवतात. दवाखाना बंद झाला तेव्हा मी आरसा मागून घेतला, तो न्हाणीघराबाहेर लावला आहे. मार्केटच्या कोपऱ्यावर मल्लिगेवाली अजून बसते. मी गेले की ती दोन माळा उचलते, एक कळ्यांची, एक उमललेली, दोन्ही हातभर पुढे धरते आणि विचारते, "इदा, अदा?" मी रोज उत्तर देते.

तुमची,
अज्जी